मयूर विहारातले वाल

अलकनंदा पाटकरांना दिल्लीत येऊन एकोणीस वर्षं झाली होती, आणि या एकोणीस वर्षांत त्यांना कोणी काही शिकवायला आलेलं खपलेलं नव्हतं. त्यातून विषय शेतीचा असेल तर बघायलाच नको. माहेर रोह्याकडचं. भाताची लावणी, झोडपणी, त्याच शेतात मागाहून टाकलेले वाल, सगळं लहानपणी गुडघाभर चिखलात उभं राहून केलेलं. लग्नानंतर नशिबी आली सरकारी क्वार्टरं. पहिलं झालं, दुसरं झालं, तिसरं झालं. दर वेळी कुंड्या ट्रकात चढवा आणि निम्म्या फोडून उतरवा. शेवटी एकदाचा मयूर विहारातल्या सोसायटीत स्वतःचा फ्लॅट मिळाला, तोही तळमजल्यावर. स्वयंपाकघराचं मागचं दार उघडलं की समोर जमीन. सव्वीस फूट लांब, सात फूट रुंद. बाईंनी त्या दिवशी सामान लावायचं सोडून तासभर नुसतं दारात उभं राहून घेतलं.

जमीन अर्थात सोसायटीची होती, आणि तिच्यावर दुसऱ्यांचाही डोळा होता. चौऱ्याण्णव साल ते. बँका बोलावून बोलावून गाड्यांना कर्ज द्यायला लागल्या होत्या. सोसायटीत वर्षापूर्वी तीन गाड्या होत्या, त्या अकरा झाल्या. सेक्रेटरी भाटियासाहेबांनी त्या पट्ट्यावर काँक्रीट घालून दोन गाड्यांची सोय करायची योजना काढली. बाई ऐकतात होय! त्यांनी भाटियांच्या घरी जाऊन सांगितलं, मी तिथं भाजी पिकवते, सगळ्या सोसायटीला वाटते, पण काँक्रीट घालू नका. माणूस वाईट नव्हता. म्हणाला, "ठीक है मिसेस पाटकर, जानेवारी के आखिरी इतवार को जनरल बॉडी है. तब तक कुछ उगाके दिखाइए. नहीं तो पार्किंग."

दिवाळी झाली आणि बाईंनी पदर खोचला. कुदळ मारली तर ठण्! खाली मातीच नाही. बिल्डरनं आपला सगळा मलबा तिथं पुरून वर दोन बोटं माती पसरली होती. विटांचे तुकडे, सिमेंटची ढेकळं, प्लास्टिकच्या पिशव्या, कुणाची तरी एक चप्पलसुद्धा निघाली. "मेल्यांनो, घरं बांधलीत की उकिरडा?" असं म्हणत बाईंनी दीड फुटापर्यंत सगळं उपसलं, जुन्या खाटेच्या जाळीतून चाळलं, यमुनेकाठची गाळाची माती दोन हातगाड्या आणवली, शेजारच्या गावातल्या गोठ्यातून कुजलेलं शेण आणवलं आणि सगळं कालवून वाफे पाडले. हातांना फोड आले. पण माती अशी झाली, की मूठ वळली तर वळेल आणि बोट लावलं तर सुटेल.

आता इथं शशिकांतरावांचं सांगायलाच हवं. बाईंचे यजमान. शेतीखात्यात सेक्शन ऑफिसर. त्यांच्या सेक्शनमधून घरगुती भाजीबागेवर एक पुस्तिका निघाली होती आणि तेव्हापासून या गृहस्थांना आपण शेतकरी आहोत असं वाटत होतं. जन्म सदाशिव पेठेत. आयुष्यात कोथिंबीर निवडली नाही. पण बाई घामाघूम होऊन खणतायत आणि हे खुर्ची टाकून, चष्मा लावून वाचतायत.

"अगं, दोन ओळींत पंचेचाळीस सेंटीमीटर अंतर हवं."

"बरं."

"आणि लागवडीपूर्वी माती परीक्षण अनिवार्य आहे."

"अहो, अनिवार्य असेल तर उठून दोन पाट्या उचला ना!"

ते उठले, पण आतून शिंप्याची टेप आणायला. बाईंनी हात टेकले.

काय पेरायचं हा प्रश्नच नव्हता. वाल. भावानं रोह्याहून बियाण्याचे वाल राखेत घोळवून पाठवले होते. भात कापला की त्याच ओलीवर वाल टाकायचे, वर पाणीबिणी काही नाही, थंडीतल्या दवावर पीक येतं आणि जानेवारीत शेंगा. मग पोपटी. मडक्यात भांबुर्ड्याचा, म्हणजे शेतबांधावरच्या त्या वासाच्या रानझुडपाचा, पाला घालायचा, त्यात शेंगा भरायच्या, मडकं उपडं ठेवून भोवती जाळ करायचा. बाईंनी सोसायटीतल्या दोन्ही मराठी घरांना पोपटीचं आमंत्रण देऊनसुद्धा टाकलं. भांबुर्डा दिल्लीत कुठे मिळणार, याचा विचार नंतर करता येईल असं त्यांना वाटलं.

वाल टोचत होत्या त्या दिवशी मागच्या भिंतीपलीकडून द्वारका भाजीवाल्यानं डोकावलं. हा म्हातारा बदायूंकडचा, यमुनेच्या वाळूत खंडानं जमीन कसायचा आणि सकाळी स्वतःचीच भाजी गाडीवर विकायचा. बाई वर्षभर त्याच्याकडूनच मुळा-पालक घ्यायच्या.

"बहनजी, क्या लगा रही हो?"

"वाल. तुम्हारा सेम होता है ना, वैसाच."

म्हाताऱ्यानं मान हलवली. "सेम तो सावन में लगती है. अब तो जाड़ा आ रहा है. पालक डाल दो, मेथी डाल दो, मटर डाल दो. ये नहीं चलेगा."

झालं! बाईंचं डोकंच फिरलं. आता हा वाळूत मुळे लावणारा माणूस रोह्याच्या बाईला वाल शिकवणार! "भैया, हमारे यहाँ थंडी में ही लगाते हैं," एवढंच त्या तोंडावर म्हणाल्या, पण आत येऊन स्वरूपासमोर, म्हणजे आपल्या कॉलेजातल्या मुलीसमोर, अर्धा तास धुसफुसल्या. "मी सात वर्षांची होते तेव्हापासून वाल टोचतेय. मला सांगतो!"

"आई, यार, तो रोज शेती करतो इथं," स्वरूपा म्हणाली.

"तू गप्प बस. तुला वाफा म्हणजे काय ते तरी ठाऊक आहे का?"

ठाऊक नव्हतं, म्हणून ती गप्प बसली.

आठव्या दिवशी वाल उगवले. काय तो रुबाब! ओळीच्या ओळी, दोन-दोन जाड पानं उघडून उभ्या. शशिकांतरावांनी टेप लावून अंतर मोजलं आणि बरोबर आहे म्हणून जाहीर केलं. बाई रोज सकाळी चहाचा कप घेऊन तिथं उभ्या राहायच्या आणि द्वारकाची गाडी आली की मुद्दाम मागचं दार उघडं टाकायच्या. बिचारा पालक तोलून द्यायचा आणि पुढे जायचा.

मग डिसेंबर आला. रोह्याची थंडी म्हणजे पहाटे अंगावर शाल घ्यावी आणि नऊ वाजता काढून टाकावी एवढीच. इथं चार-चार दिवस ऊन म्हणून दिसेना. नळाचं पाणी हाताला चावायला लागलं. वाल वीतभर वाढून जे थांबले ते थांबलेच. पानं पिवळी पडली, मग कडा काळ्या, मग एका सकाळी पाहावं तर अर्धी ओळ उकडल्यासारखी माना टाकून बसलेली. बाईंनी काय नाही केलं? राख टाकली. शेणखत घातलं. रात्री जुन्या साड्या पांघरल्या. दवावर येणाऱ्या पिकाला पाणीसुद्धा घालून पाहिलं. चिडल्या, वालांवरच चिडल्या. "अरे, मी काय कमी केलंय तुमचं? फुला की!" वाल काही फुलले नाहीत.

जनरल बॉडीला आठ दिवस राहिले, तेव्हा शशिकांतराव पुस्तिका घेऊन स्वयंपाकघरात आले. चेहरा पडलेला.

"अगं, इथं शेवटच्या पानावर एक तक्ता आहे. उत्तरेकडची मैदानं. सेमवर्गीय वेली, पेरणी जुलै ते ऑगस्ट."

बाईंच्या हातातलं लाटणं तसंच राहिलं. "आणि हे तुम्ही आज वाचताय?"

"तो तक्ता आमच्या सेक्शनचा नाही ना. तो दुसऱ्या सेक्शननं दिला होता. मी फक्त मजकूर तपासला."

काय बोलणार अशा माणसापुढे! बाईंनी लाटणं खाली ठेवलं, कारण हातात राहिलं असतं तर काय झालं असतं सांगता येत नाही. पण राग खरा शशिकांतरावांवर नव्हता, हे त्यांनाही कळत होतं. तोच तक्ता नोव्हेंबरात भिंतीवरून एका म्हाताऱ्यानं तोंडी सांगितला होता. त्या रात्री त्या जेवल्या नाहीत.

शेवटचा रविवार उजाडला. ऊन पडलं होतं, म्हणून सभा बाहेरच भरली. खुर्च्या, चहा, शेंगदाणे. भाटियासाहेबांनी पार्किंगचा ठराव वाचला आणि सगळ्यांना घेऊन पट्टा बघायला आले. तीसेक माणसं बाईंच्या मागच्या दारापाशी उभी राहून त्या पिवळ्या, काळ्या काड्या बघत होती. कोणीतरी हसलं. बाईंना जमीन दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं असं झालं.

फ्लॅट शशिकांतरावांच्या नावावर, म्हणजे सभासद ते. ते पुढे झाले आणि घसा खाकरून बोलायला लागले. "इसमें मेरी पत्नी का कोई दोष नहीं. बिल्डर ने यहाँ मलबा भरा था. इस मिट्टी में कुछ उग ही नहीं सकता!"

अरे देवा! बायकोची बाजू घेतोय असं त्या भल्या माणसाला वाटत होतं. भाटियासाहेब हसून म्हणाले, "पाटकर साहब, कुछ उग ही नहीं सकता, तो फिर झगड़ा किस बात का? पक्का कर देते हैं." माना हलल्या. एक-दोन हात वरही जायला लागले.

बाईंनी पाहिलं. गप्प राहिलं तर आपली अब्रू राहते आणि माती जाते. एकोणीस वर्षांत जे तोंडातून निघालं नव्हतं, ते त्यांनी आपल्या मोडक्यातोडक्या हिंदीत तीस माणसांपुढे काढलं.

"मिट्टी अच्छी है. मिट्टी मैंने खुद बनाई है, हाथ डालके देखो. गलती मेरी है. वाल का यहाँ ये टाइम नहीं था. उस भाजीवाले ने मेरे को बोला था, मैंने सुना नहीं. मैं रहती दिल्ली में हूँ, पर बोया मैंने अपने मायके के हिसाब से." मग त्या भाटियांकडे वळल्या. "मेरे को होली तक टाइम दो. नहीं उगा, तो मैं खुद बोलेगी, काँक्रीट डालो."

दुसऱ्या मजल्यावर एक थोराड सरदारीण राहायची, तिच्या सासूबाई पुढे आल्या. म्हातारी वाकली, मूठभर माती उचलली, वळली, बोटानं फोडली. "मिट्टी तो सोना है," ती भाटियांकडे बघत म्हणाली आणि आपल्या सुनेचा वर गेलेला हात धरून खाली ओढला. पार्किंगच्या बाजूनं तेरा हात पडले, होळीपर्यंत थांबायच्या बाजूनं सोळा.

सभा परत चहाकडे वळली. बाई मात्र मागच्या भिंतीशी गेल्या, द्वारकाची गाडी अजून गल्लीत होती.

"भैया, मेरे को सिखाओ."

हसेल, निदान एकदा तरी ऐकवील, अशी त्यांनी मनाची तयारी केली होती. त्याचंच त्यांना जास्त भय होतं. म्हाताऱ्यानं फक्त भिंतीवरून वाफे पाहिले, हवा पाहिली. "प्याज की पौध है मेरे पास, थोड़ी देर हो गई पर लग जाएगी. बीच में पालक. कल सुबह लाता हूँ. पर आज ये सब उखाड़ना पड़ेगा, बहनजी. जगह चाहिए."

सगळे वाल मेलेले नव्हते. कोपऱ्यातल्या पाचसहा वेलींना बुडाशी हिरवी फूट होती. बाई रोज सकाळी आधी त्यांच्याकडे बघायच्या. आता त्या वाफ्यात बसल्या आणि उपटायला लागल्या. शशिकांतराव जवळ येऊन म्हणाले, "अगं, एवढे हिरवे राहू देत की."

"नको. जागा लागेल," बाई म्हणाल्या. त्यांना रडू फुटलं, आणि रडतरडतच त्यांनी शेवटची ओळ साफ केली.