दाराकडे बोट दाखवणारी बाई

लकडगंजात रद्दीच्या दुकानात मी कागद निवडत होती. तिथं प्रेमाचे चित्रवाले कॉमिक्स यायचे. मले वाचता येत नाही, मी चित्रंच पाहो. त्यातल्या बायकांचे आसू द्राक्षाएवढे, पण काजळ कोणाचंच फिसकटत नव्हतं. काढणारा मोठा कारागीर असंन.

एका चित्रात बाई रडत रडत दाराकडे बोट दाखवून राहिली होती, समोर भांग पाडलेला बाप्या. मले वाटलं, त्याले हाकलून राहिली. ते पुस्तक मी घरी आणलं.

दुसरीसंग पळालेला माहा नवरा दोन वर्सानं दारात येऊन उभा राहिला, तवा मी तसंच बोट दाखवलं. गेला बिचारा. लेकरं मी रद्दी निवडूनच वाढवले.

परवा नातीनं ते पुस्तक वाचलं अन् हासून हासून लोळली.

"आजी, ही तर म्हणून राहिली, दार लाव अन् इथंच राह्य, तुझ्याबिगर मी मरून जाईन. म्हणजे आजोबाले तू गलतीनंच हाकललं?"

"गलती लिहिणाऱ्याची हाय वं," मी म्हटलं. "चित्र काढणाऱ्याले बरोबर समजलं होतं."