आढ्यावरची तारीख

गावात त्याला ओळंबा म्हणत, भिंत सरळ आहे का ते दाखवणाऱ्या वजनाच्या दोरीवरून. हाडाचा सुतार. पाठीत आता स्वतः वाकला होता, पण दुसऱ्याची भिंत सूतभर कलली तरी याला जेवण गोड लागत नसे. छप्पर चढवण्याआधी तो एक गोष्ट न चुकता करी. आढ्याच्या, म्हणजे छपराला मधोमध पेलणाऱ्या लाकडाच्या आतल्या बाजूला, जाड पेन्सिलीने त्या दिवसाची तारीख लिही. ही बापाने लावलेली सवय. "मालक विसरतो, लाकूड विसरत नाही," बाप म्हणे.

आता त्याच सवयीने त्याच्या तोंडचं पाणी पळवलं होतं.

झालं असं की, शेतजमिनीवर परवानगीशिवाय उभी राहिलेली बांधकामं शोधायला परवाना कार्यालयाचे लोक गावात फिरू लागले. दहा वर्षांहून जुनं असेल ते राहू द्यायचं, अलीकडचं पाडायचं, असा नियम. नोटीस लागली आणि गावातली सगळी बांधकामं एका दिवसात म्हातारी झाली. शेजारचा कोंबडीवाला तर आपली शेड पंधरा वर्षांची असल्याची शपथ घेऊन बसला. तपासणीच्या मॅडम शांतपणे शिडीवर चढल्या आणि आढ्यावरची तारीख वाचून खाली उतरल्या. शेड निघाली चार वर्षांची. खोट्याच्या कपाळी गोटा! त्यानंतर मॅडम कुणाकडे कागद मागेनात, नुसती शिडी मागत.

कोंबडीवाला तरातरा ओळंब्याच्या अंगणात आला.

"एवढे हात शिवशिवत होते तर लग्नपत्रिका लिहायच्या होत्यास! माझ्या शेडवर कशाला गिरवलंस?" मग आवाज उतरवून म्हणाला, "आणि तुझ्या मागच्या खोलीचं काय? उद्या तुझा नंबर आहे. ऐक माझं, गोदाम आहे म्हणून सांग. माणूस राहतो म्हणालास तर मेलास."

ओळंब्याने मान वळवून विहिरीपलीकडे पाहिलं.

त्या मागच्या खोलीत त्याचा धाकटा भाऊ राहत होता. तरुणपणी एका मोठ्या आजारातून तो उठला, पण झोप कायमची हरवून बसला. घरात कुणी खोकललं, भांडं वाजलं, की हा दचकून उठे आणि उजाडेपर्यंत येरझाऱ्या घाली. कानांवर हात दाबून बसलेला भाऊ बघवेना, तेव्हा ओळंब्याने घरामागच्या शेतात, विहिरीपलीकडे, एक खोली बांधली. वर निजायला लाकडी माळा केला. परवानगी लागते हे त्याला चांगलं ठाऊक होतं. पण कागद येईस्तोवर भाऊ राहील की नाही, याचीच खात्री नव्हती. अकरा दिवसांत त्याने छप्पर चढवलं, आणि आढ्यावर तारीखही लिहिली. त्याला आता नऊ वर्षं झाली होती. एक वर्ष, फक्त एक वर्ष कमी पडत होतं.

"खरवडून टाका," बायको म्हणाली. "बापाची सवय मोठी की भाऊ मोठा?"

तपासणीच्या सकाळी धाकटा भाजीच्या वाफ्यांना पाणी द्यायला गेला, तसा ओळंबा खिशात काचकागद घालून मागच्या खोलीत शिरला. गुडघे कुरकुरत होते. आयुष्यात पहिल्यांदाच तो आपलं काम खोटं करायला निघाला होता. नऊ वर्षांत तो या माळ्यावर चढला नव्हता. धाकट्याला तिथे कुणी आलेलं खपत नसे. वर पोचून त्याने आढ्यावर हात ठेवला, चष्मा नीट केला आणि तसाच थांबला.

त्याच्या तारखेखाली दुसरी एक तारीख होती. त्याच्यासारखीच जाड पेन्सिल, त्याच्यासारखंच वळण. पुढे एकच शब्द: झोपलो. खाली आणखी एक तारीख, तीन महिन्यांनंतरची: झोपलो. पहिल्या वर्षात अशा चारच. दुसऱ्या वर्षी अकरा. मग आढं पुरेनासं झालं तसे धाकट्याने वासे धरले. एकेका वाशावर तारखा दाटीने बसल्या होत्या. शेवटच्या वाशावर तर एकही दिवस सुटला नव्हता. ज्या भावाने कधी तोंड उघडून 'बरं आहे' म्हटलं नाही, त्याने नऊ वर्षं छपराला सगळं सांगितलं होतं. यातलं काय खरवडायचं?

"मिस्त्री, आहात का?" दारातून आवाज आला. मॅडम वेळेआधी आल्या होत्या.

तो कसाबसा खाली उतरला. काचकागद अजून हातातच होता. मॅडमनी तो पाहिला आणि वही उघडली. "या खोलीचा वापर?"

'गोदाम' हा शब्द जिभेवर तयार होता.

"माझा भाऊ राहतो. नऊ वर्षं झाली. तारीख वर आहे. मीच लिहिली."

मॅडम माळ्यावर चढल्या. बराच वेळ खाली आल्या नाहीत. त्यांच्या मोबाईलचा फोटो काढल्याचा आवाज येत राहिला. उतरल्यावर त्यांनी कपड्यांवरची धूळ झटकली.

"गोदाम असतं तर आजच पाडायची नोटीस लावली असती," त्या म्हणाल्या. "राहतं घर असेल तर सुनावणी मिळते. मात्र माणूस सलग राहतोय याचा पुरावा लागतो." त्यांनी वर पाहिलं. "तो मी घेतलाय. पुढे काय होईल ते माझ्या हातात नाही, मिस्त्री. एकवीस तारखेला दोघंही या."

त्या गेल्या तरी ओळंबा उंबऱ्यावरच बसून होता. एवढ्यात धाकटा पाण्याची बादली घेऊन आला. त्याने दादाच्या हातातला काचकागद पाहिला, मग माळ्याकडे पाहिलं.

"पाडणार?"

"माहीत नाही रे. एकवीसला बोलावलंय."

धाकट्याने बादली खाली ठेवली, दादाच्या कानावरची पेन्सिल काढून घेतली आणि माळ्यावर चढला. थोड्या वेळाने ओळंबाही वर गेला. या वेळी धाकट्याने त्याला अडवलं नाही, उलट सरकून जागा दिली. शेवटच्या वाशाच्या टोकाला त्याने एकवीस तारीख लिहिली होती. पुढे एका शब्दाची जागा मोकळी होती.