ढिगातला नमुना

मार्केट यार्डात पोती उचलायचो तेव्हाच मला कळलं की पोत्याच्या तोंडाशी असतो तो माल दाखवायचा आणि तळाशी असतो तो खपवायचा. घेणारा हे जाणतो, म्हणून परखी खुपसून आतले दाणे काढतो. त्यात कुणी कुणाला फसवत नाही.

पुढे काचेच्या भंगारात शिरलो आणि कुंभारीच्या रस्त्याला शेड टाकून भट्टी लावली. दवाखान्यांचा कचरा जाळून उरलेल्या राखेची काच करण्याचा प्रयोग एका महाविद्यालयाने परवानगी काढून सुरू केला, तेव्हा त्यासाठी माझी भट्टी निवडली. त्या राखेत शिसं असतं. फुटक्या बाटल्यांच्या चुऱ्याबरोबर ती वितळवून पाण्यात ओतली की काळी खडी पडते आणि शिसं काचेत अडकून बसतं. मात्र राख पुरती वितळायला हवी.

शेडपासून डांबरी रस्त्यापर्यंतची वाट माझी आणि शेजारच्या शेतातल्या मावशीची सामाईक. काळी माती, पावसात टेंपो रुतायचा. तिथे हीच खडी टाकली तर माझी वाट पक्की होणार होती आणि गिऱ्हाइकाला मालही दिसणार होता. पण वाटेच्या कडेला मावशीचं बोअर. तिच्या घरात प्यायला तेच पाणी. तिनं खडी तळहातावर घेतली, वास घेतला.

"ह्यातलं इख पाण्यात उतरत न्हाय, असं कोन म्हनतंय? तूच की."

मी म्हणालो, प्रयोगशाळा सांगेल. यावर ती कबूल झाली.

तपासणीला महाविद्यालयाच्या मॅडम आल्या. मी आरशासारखी चमकणारी खडी पिशवीत भरून तयार ठेवली होती. त्यांनी पिशवी उघडून बघितली आणि परत दिली.

"हा दागिना झाला. मला ढीग तपासायचाय."

मग माझ्याच माणसांकडून सगळा ढीग फावड्यानं उलथवला, कालवला, सपाट केला. त्याचे चार वाटे पाडून समोरासमोरचे दोन बाजूला सारले, उरलेले दोन पुन्हा कालवले. असं करत करत शेवटी दोन मुठी उरल्या. मावशी बांधावर बसून बघत होती. यार्डात घेणाऱ्यांसाठी मी लोकांच्या पोत्यांत परखी खुपसली तेव्हा मला काही वाटलं नव्हतं. त्या दिवशी मात्र कानशिलं तापली.

त्या दोन मुठींचा त्यांनी चुरा केला आणि आम्ल मिसळलेल्या आंबट पाण्याच्या बाटलीत घालून रात्रभर फिरवत ठेवला. पाण्यात शिसं उतरलं, मर्यादेपेक्षा थोडंसंच जास्त. मी फोन लावला. रस्त्यावर खडीचा चुरा होत नाही, आमचं पाणी आंबट नाही, शिवाय ढिगाच्या तळाशी भट्टी नवी होती तेव्हाचा माल आहे, असं सगळं सांगून बघितलं. आकडा जरा खाली येईल का, असंही विचारलं. त्या म्हणाल्या, तळाचा माल वाटेवर टाकणार नव्हता का? मी फोन आपटला.

सगळा ढीग पुन्हा भट्टीत घातला. आच वाढवली आणि काच पूर्वीपेक्षा जास्त वेळ वितळत ठेवली. मॅडम दुसऱ्यांदा आल्या तेव्हा मी स्वतः शोधून सर्वांत मळकट, फेसाळ खडे त्यांच्यापुढे ठेवले. म्हटलं, घ्या, वाईटातलं वाईट. तेही त्यांनी नाकारले. विकणाऱ्यानं निवडलेलं त्यांना चालत नाही, मग ते चांगलं असो की वाईट. पुन्हा फावडी, पुन्हा चार वाटे. माझ्या प्रामाणिकपणाचा असा अपमान आजवर कुणी केला नव्हता, आणि मी तो विसरलेलो नाही.

या खेपेला शिसं मर्यादेच्या पुष्कळ खाली आलं. निकाल मी स्वतः मावशीला वाचून दाखवला.

"टाक की मग. पन पावसाळा सरला की दर साली माज्या बोअरचं पानी तपासायचं. तुज्या खर्चानं."

सौदा ठरल्यावर एखादी अट हळूच पुढे सरकवायची, ही खोड माझी. ती माझ्यावरच उलटलेली पाहून मी बराच वेळ तोंड सोडलं. मावशी जागची हलली नाही. टेंपो चिखलातच उभा होता. शेवटी मीच मान डोलावली.

वाट आता कोरडी असते. पावसाळा संपला की मावशी बाटली विसळते, स्वतः भरते, झाकण आवळते. मला हात लावू देत नाही. प्रयोगशाळेत जाताना टेंपो माझा, डिझेल माझं. बाटली तिच्या मांडीवर.