सगळ्यात जास्त नेट कोण खातंय?

चहा आधी खाली ठेवा, नाहीतर अंगावर सांडंल. माझा गाढवपणा ऐकायचाय ना?

आमचा टॉवेलचा कारखाना अक्कलकोट रोड एमआयडीसीत, पण ऑफिस घरातच. वायफाय एकच. एका टेबलावर माझा कॉम्प्युटर, शेजारी धाकट्या भावाचा, गिरीशचा, लॅपटॉप. त्याचं नेट सुसाट पळायचं आणि माझं नुसतं गोल गोल फिरत बसायचं. आता तुम्हीच सांगा, घर एक, बिल एक, मग हा भेदभाव कशाला?

पार्टीशी, म्हणजे गिऱ्हाइकाशी, व्हिडिओवर बोलायचं काम आधी माझं. थोरला ना मी! पण मी "नमस्कार" म्हणलो की चित्र अडकायचं. शेवटी आमच्या वडिलांनी, अण्णांनी, फर्मान काढलं, "उद्यापासून पार्टीशी गिरीश बोलंल. तू पॅकिंग बघ."

पॅकिंग! मी! खोटं कशाला बोलू, जळून कोळसा झालो. सख्ख्या भावाच्या लॅपटॉपकडं सवतीसारखा बघायला लागलो. त्याच्याशी जागा बदलली, खुर्ची बदलली. तरी त्याचंच पळतंय! माझी खात्रीच पटली, माझ्या वाटणीचं नेट हाच गडी ओढतोय.

गच्चीवर जाऊन गुपचूप नेटवाल्या सलीमभाईला फोन लावला.

"सलीमभाई, आमच्या घरात जो सगळ्यात जास्त नेट खातोय ना, त्याला जरा आवळा."

"कुणाचा कॉम्प्युटर, दादा?"

"नाव कशाला घ्यायला लावता? तुमच्या यादीत सगळ्यात वर असंल की!"

"हौ, करतो."

भावाचं नाव तोंडातून काढलं नाही, एवढा मी सज्जन! त्या दिवशी जेवण लई गोड लागलं.

दुसऱ्या दिवशी महाबळेश्वरच्या हॉटेलवाल्यांशी बोलायचं होतं. ऑर्डर मोठी. मी म्हणलं, "अण्णा, आज एकदा मला बोलू द्या." अण्णा म्हणाले, "बोल. पण हे शेवटचं."

बटण दाबलं. चित्र सोडा, आवाजपण येईना! आणि गिरीशचा लॅपटॉप? पळतोयच की! माझं टाळकंच सरकलं.

"अण्णा, ह्यानंच काहीतरी केलंय! पार्टीला पाच मिनिटं थांबवा आणि सलीमभाईला बोलवा. होऊन जाऊ दे सोक्षमोक्ष!"

बघा, मीच बोलावलं. मीच!

सलीमभाईचं दुकान कोपऱ्यावरच. आला, माझा कॉम्प्युटर बघितला आणि म्हणाला, "दादा, ह्याच्यावर टॉवेलचे फोटो नेटवर चढवायला लावून ठेवलेत तुमी. दिवसभर तेच चालू हाय. घरात सगळ्यात जास्त नेट हाच खातोय, त्यातच तुमचं चित्र अडकतंय. म्हणून तर काल तुमी सांगितल्याबरोबर आवळला की!"

"कुणी सांगितलं?" अण्णांनी विचारलं.

"दादांनीच. फोन केलता की मला."

अण्णा माझ्याकडं वळले. "तुला कुणाला आवळायचं होतं बे?"

मी पंख्याकडं बघायला लागलो. गिरीशला सगळं कळलं, पण गडी हसलासुद्धा नाही. हसला असता तर बरं झालं असतं हो! त्यानं आपला लॅपटॉप माझ्यापुढं सरकवला. "दादा, हितनं बोल. पार्टी थांबलीय."

काय ते चित्र! एकदम स्वच्छ! मी नमुन्याचा टॉवेल कॅमेऱ्यापुढं धरला. हॉटेलवाले निरखून बघत म्हणाले, "टॉवेल झकास पांढरा दिसतोय. पण शेठ, तुम्ही एवढे लाल का दिसताय?"