आबांच्या कानातले रातकिडे आणि आजऱ्यातली हार्प

आबांना घेऊन आजऱ्याला जायचं ठरलं ते एका सीडीमुळे. २००६ चा मार्च. ऑफिसातल्या मित्राने "ऐक, डोकं शांत होतं" म्हणून सेल्टिक हार्पची, म्हणजे आयर्लंडकडच्या एका तारवाद्याची, सीडी दिली होती. आबा म्हणजे माझे वडील. शिरोली एमआयडीसीत तीस वर्षं मशीनच्या कर्कश आवाजात कास्टिंग, म्हणजे ओतीव लोखंडी भाग, घासून निवृत्त झालेले. तेव्हापासून त्यांच्या कानात दिवसरात्र रातकिडे ओरडायचे. "हे जाणार नाही, सवय करून घ्या," असं कानाच्या डॉक्टरांनी सांगितलेलं. झोप उडाली, घरात कुणी हसलं तरी चिडायचे. त्या सीडीसमोर मात्र अर्धा तास हलले नाहीत. मग त्याच मित्राकडून कळलं, की नोरा नावाची एक आयरिश बाई आजऱ्यात एका डॉक्टरीणबाईंच्या घराला लागूनच असलेल्या दवाखान्यात महिनाभर पेशंटांना हार्प ऐकवते आहे. म्हटलं, चला!

जाणार असाल तर कोल्हापुरातून सकाळची एसटी पकडा. निपाणीपर्यंत हायवे मस्त, पुढे उत्तूरमार्गे वळणंच वळणं. नाश्ता बेतानं करा. शेजारच्या सीटवरच्या काकांनी विचारलं, "पावणं, कुठं निघाला?"

"आजऱ्याला. हार्पसाठी."

"हार्टसाठी? अवो, हार्टचं डॉक्टर कोल्हापुरात ढिगानं हायती की!"

आबा हसले. कित्येक महिन्यांनी!

दवाखान्यात पोचलो तर नोराबाई तोंड पाडून बसलेल्या. पुढ्यात माणसाच्या छातीएवढी लाकडी हार्प. प्रत्येक तारेच्या वरच्या टोकाला धातूची एक छोटी कळ असते. ती उचलली की त्या तारेचा सूर अर्ध्या स्वराने चढतो. प्रवासात त्यातली एक तुटली होती आणि नवी आयर्लंडहून यायला तीन आठवडे लागणार होते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुम्ही एवढ्या लांबून आलात, आणि आज वाजवणंच बंद."

मी हिरमुसलो. आबा मात्र वाकून ती तुटकी कळ बघत होते.

"कानस हाय का घरात?"

"आबा, परदेशी वाद्य आहे ते..."

"परदेशी असलं तरी पितळच हाय न्हवं?"

डॉक्टरीणबाईंनी अवजारांचा डबा आणि एक जुना पितळी नळ आणून दिला. आबा व्हरांड्यात मांडी घालून बसले. कापलं, घासलं, भोक पाडलं, बसवून बघितलं, परत घासलं. दोन तास. तोवर मी आत घनसाळ तांदळाचा भात आणि ओल्या काजूची आमटी हाणली. (त्या भाताचा वास दारापर्यंत येतो. मार्च-एप्रिलात गेलात तर ओले काजू चुकवू नका.) आबा जेवायला उठलेच नाहीत.

कळ बसली. नोराबाईंनी तार छेडली, कळ उचलली, पुन्हा छेडली आणि एकदम आबांचे हात धरून ओरडल्या, "छान! खूप छान!" एवढंच मराठी त्यांना येत असावं.

मग त्या वाजवायला बसल्या. तळ्यात एकेक खडा पडावा तसे सूर, घाई अजिबात नाही. व्हरांड्यातल्या बाकावर एक म्हातारी, दोन बाळंतिणी, आम्ही. दहा मिनिटांत घोरण्याचा आवाज आला. आबा! भिंतीला डोकं टेकून, तोंड उघडं. मी उठवायला गेलो तर डॉक्टरीणबाईंनी हात धरला. नोराबाई हसल्या आणि आणखी हळू वाजवत राहिल्या. आबा तब्बल दीड तास झोपले. मी तिथेच बसून रडलो, सांगायला लाज कसली.

उठल्यावर मी विचारलं, "रातकिडे गेले?"

"न्हाय. हायती की. पर मधी मधी दुसरं बी ऐकू येतंय."

संध्याकाळच्या एसटीने परतलो. दवाखान्यात फी नव्हतीच. नोराबाईंनी उलट आबांना दोन सीडी दिल्या. चमत्कार वगैरे झाला नाही, खोटं कशाला सांगू? कान तसेच आहेत. पण दुपारी हार्प लावली की आबांना झोप लागते, आणि झोप झालेला माणूस घरात बोलतो.

पुढच्या सोमवारी ते न सांगताच बाहेर पडले. चौकशी केली तर शिरोलीला, जुन्या कारखान्याच्या गेटवर. पहिल्या पाळीला येणाऱ्या एकेकाला थांबवून कापसाचे बोळे हातात देत होते.

"कानात घाला रं हे. न्हायतर म्हातारपणी हार्पवाली हुडकत आजऱ्याला जावं लागतंय!"