फुप्फुसातली राखण

दुपारचं ऊन खिडकीच्या गजांवरून सरकतंय. नसीमाचे डोळे मिटत येतात, पण तिला झोपेचीच भीती वाटते. न्यूमोनिया झालाय तिला. मिरजेच्या याच घरात तिचे अब्बा, सतारी बनवणारे इस्माईलभाई, असाच ताप अंगात घेऊन झोपले ते उठलेच नाहीत.

स्वयंपाकघरातला भाबीच्या भांड्यांचा आवाज लांब जातो आणि कानस घासल्यासारखा होतो. नसीमा कारखान्यात उभी आहे. अब्बा मांडी घालून सतारीचा भोपळा घासतायत. भोपळा आतून ओलसर, गुलाबी आहे आणि हळूहळू श्वास घेतोय.

"तुलाही तेच झालं ना?" अब्बांचा चेहरा उतरलाय. "माझीच कमजोर छाती तुझ्यात उतरली, बेटा."

आपली छातीच कमजोर, हे इतकी वर्षं मनात धरून बसलेत!

"नाही हो, अब्बा. डॉक्टरीणबाईंनी समजावलंय मला. हवेतनं जंतू सगळ्यांच्याच छातीत जातात, रोजच्या रोज. तिथं काही पेशी कायम राखणीला असतात. आला जंतू की गिळून टाकतात, आपल्याला पत्ताही लागत नाही."

"मग ताप कशाचा?"

"जंतू फार झाले की त्या पेशी हाका मारतात. मग रक्तातनं दुसऱ्या धावून येतात. त्या झटापटीत ताप चढतो, आत पाणी साचतं, दम लागतो."

आता दोघं कृष्णाघाटाच्या पायरीवर बसलेत. पाणी कमरेपर्यंत आहे.

"म्हणजे माझ्या छातीतही कुणी लढत होतं?"

"शेवटपर्यंत."

अब्बा हातांवरचा भुसा पाण्यात धुतात. मग त्यांचे खांदे सैल पडतात.

"आणि जंतू हटल्यावर?"

"राखणीच्या पेशीच मेलेल्या पेशी गिळून जागा साफ करतात. सगळं निवत जातं."

पाणी घोट्यापर्यंत उतरलंय.

"मग निवू दे. वाक पुढं."

लहानपणी मारायचे तशा ते तिच्या पाठीवर थापट्या मारतात, चांगल्या जोरात.

खोकल्यानंच तिला जाग येते. गंजाच्या रंगाचा घट्ट बेडका भांड्यात पडतो आणि कितीतरी दिवसांनी श्वास पार तळापर्यंत जातो. अंग घामानं चिंब, कपाळ गार.

"उतरला गं बाई ताप!" भाबी धावत येते. ओला कुर्ता बदलायला म्हणून तो मागून वर करते आणि थबकते.

"नसीमा, पाठीवर कुणी थापटलं तुला? पाची बोटं उमटलीत."

भाबी मलमाच्या डबीकडे हात नेते, तशी नसीमा तिचा हात धरते.

"राहू दे, भाबी. दुखत नाही."