न वाजलेल्या चार मिनिटांची बातमी

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, ज्या संपादकांच्या हाताखाली बारा वर्षं काढली त्यांनाही नाही. दुसऱ्यांचं लिहिण्यात माझं आयुष्य गेलं. स्वतःचं लिहायला बसलो आणि पहिलं वाक्य तीनदा खोडलं. म्हणून माणसापासूनच सुरुवात करतो.

मेश्राम सर ट्रॉम्बोन वाजवायचे. लांब पितळी वाद्य, नळी पुढे-मागे सरकवून सूर काढायचा. कलकत्त्याच्या एका ऑर्केस्ट्रात ते सव्वीस वर्षं मागच्या रांगेत बसले, मग रायपूरला येऊन एका शाळेत संगीत शिकवू लागले. मागच्या रांगेत काम काय असतं? बहुतेक वेळ गप्प राहायचं. "आमचं काम मोजायचं, बाप्पा," ते मला म्हणायचे. "शंभर मात्रा मोजा, चार वाजवा, पुन्हा मोजा. डुलकी लागली का नोकरी गेली." एकट्याने वाजवायची पाळी त्यांच्यावर सव्वीस वर्षांत एकदाही आली नाही.

रायपूर राजधानी झालं आणि शहरात रोज कुठे ना कुठे मंच उभा राहू लागला. एका संस्थेने शहरातले वादक गोळा करून ऑर्केस्ट्राचा कार्यक्रम ठरवला. पत्रिकेत सरांचं नाव स्वतंत्र ओळीत होतं — ट्रॉम्बोन, एकल, चार मिनिटं. सरांच्या पत्नी, म्हणजे काकू, तेव्हा मुलीच्या बाळंतपणासाठी नागपूरला होत्या. त्या दुपारी मी तालमीला गेलो होतो. रिकाम्या खुर्च्यांसमोर सरांनी ती चार मिनिटं वाजवली. मी ऐकली. एवढं तरी खरं आहे.

संध्याकाळी मी गेलो नाही. दुसरी दोन उद्घाटनं होती, पान लवकर छपाईला सुटायचं होतं, आणि मी एका हिंदी दैनिकात नवा होतो, अजून कायम झालो नव्हतो. पत्रिका समोर ठेवली, तालीम आठवली आणि बातमी लिहिली. शेवटचा सूर सभागृहात क्षणभर रेंगाळला, मग टाळ्यांचा कडकडाट झाला — हे माझं वाक्य. कडकडाट मी टेबलाशी बसून केला.

प्रमुख पाहुणे दीड तास उशिरा आले. वेळ भरून काढायला सरांचं वादन गाळलं. पूर्ण पोशाखात, वाद्य मांडीवर घेऊन, ते शेवटपर्यंत बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते ऑफिसात आले, हातात घडी केलेला पेपर. चिडलेले नव्हते. गोंधळलेले होते.

"काहून लिहिलं रे असं? मी तर वाजवलंच नाही."

मी काय बोललो ते आठवत नाही. ते काय म्हणाले ते आठवतं — "उद्या एक ओळ छापून दे. नाही वाजवलं म्हणून. लोक अभिनंदन करून राहिले, मले लाज वाटते."

हव सर, म्हणालो. चार दिवसांनी सांगितलं की संपादक तयार नाहीत. संपादकांना मी विचारलंच नव्हतं. विचारलं असतं तर मी तिथे नव्हतो हे उघड झालं असतं. सरांनी माझ्यावर विश्वास ठेवला, आणि वर म्हणाले, "जाऊ दे, तुझी नोकरी सांभाळ."

खोटी स्तुती कोणाचं काय बिघडवते? मी स्वतःला हेच विचारत होतो. वर्षभराने उत्तर मिळालं.

पुन्हा तोच कार्यक्रम ठरला. सर संस्थेत गेले. परत आल्यावर बूढ़ा तालाबजवळच्या टपरीवर मला सगळं हसत सांगत होते. सचिवाने फाईल उघडली, माझं कात्रण दाखवलं. "आपका तो हो गया न सर, पिछले साल. पेपर में भी आया है. अब दूसरों को मौका दीजिए."

"मी म्हटलं, नाही झालं. तो म्हणे, पेपर खोटं बोलते का?" सर हसले. "घरीही तेच. शेजाऱ्यानं कात्रण नागपूरले धाडलं. ही फोनवर आनंदानं रडून राहिली होती. सांगताच आलं नाही मले."

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. काही मागितलं नाही. संस्था तिथून दहा मिनिटांवर होती. मी गेलो असतो, एक वाक्य बोललो असतो —

मी म्हणालो, "चहा घ्या सर, थंड होतोय."

पुढच्या वर्षी त्यांचे समोरचे दोन दात पडले. दातांचा आधार गेला की ट्रॉम्बोनला ओठ धरत नाहीत. त्यानंतर ते फक्त शिकवत राहिले.

ते गेले तेव्हा बातमीसाठी फोटो आणायला मी चौबे कॉलोनीतल्या त्यांच्या घरी गेलो. भिंतीवर माझं कात्रण फ्रेम करून लावलं होतं. काकू त्याच्याकडे बघत म्हणाल्या, "एवढ्या वर्षांत यांनी एकदाच एकट्यानं वाजवलं, अन् मी नेमकी नागपूरले. माझंच ऐकायचं राहून गेलं. कसं वाजवलं हो त्यांनी?"

एवढी वर्षं त्या हे स्वतःच्या माथी घेऊन बसल्या होत्या. खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं.

मी त्यांना शेवटचा सूर सांगितला. तो कसा रेंगाळला ते सांगितलं. टाळ्याही सांगितल्या. त्या डोळे मिटून ऐकत होत्या. मग ऑफिसात येऊन मृत्युलेख लिहिला आणि तिसऱ्या परिच्छेदात तेच वाक्य पुन्हा घातलं. त्या दिवशी पान सुटायला भरपूर वेळ होता. मी कायम होऊनही बरीच वर्षं झाली होती.

काकू आता नागपूरला मुलीकडे असतात. मराठी वाचतात.

त्या संध्याकाळी मेश्राम सरांनी ट्रॉम्बोन वाजवला नाही. टाळ्या झाल्या नाहीत. मी तिथे नव्हतो.